पिक्चर पाहिलास? मग वाच आता!

“पुस्तक वाचलंयस ना? मग पिक्चर बघूच नकोस. पार वाट लावलीये!”

प्रत्येक ग्रुपमध्ये हे म्हणणारा एक जण असतोच. “दोन तासांत काम होतंय, तर दहा दिवस कोण घालवणार, बॉस?” असं त्याला सुनावणारा दुसराही असतो. लंच टाइमला डब्यांची झाकणं निघाली की या दोघांची जुगलबंदी सुरू. पुस्तकवाला जरा भाव खात बोलतो, पिक्चरवाला त्याची रेवडी उडवतो आणि बाकीचे एकमेकांच्या डब्यातली भाजी पळवत दोघांनाही चढवतात. दोन वाजले की सगळे पुन्हा आपापल्या स्क्रीनसमोर. निकाल? पेंडिंग. पुढच्या शुक्रवारी नवा पिक्चर लागला की केस पुन्हा ओपन!

‘हॅरी पॉटर’च्या प्रत्येक सिनेमाच्या वेळी हा वाद झाला. चेतन भगतच्या ‘फाइव्ह पॉइंट समवन’वरून (२००४) सैलसर बेतलेला ‘थ्री इडियट्स’ २००९मध्ये आला, तेव्हा तर घराघरांत झाला. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरचा सिनेमा २०१२मध्ये लागला, तेव्हा मी स्वतः शाळेत होते. “छे, आमची शिरोडकर अशी नव्हतीच!” असं म्हणत थिएटरबाहेर रुसून उभी राहिलेली मोठी मंडळी मला अजून आठवतात.

वाद मजेचाच आहे. पण ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये तो सुटणं कठीण. कारण तिथं पुस्तकही परवडतं, तिकीटही परवडतं आणि दोन्ही जातात एकाच खात्यात : टाइमपास. पडद्यावरची गोष्ट आपल्या घरची नसते, पानांवरचीही नसते. मग भांडण उरतं ते नुसतं आवडीचं. एकाला चहा आवडतो, दुसऱ्याला कॉफी. निकाल कसा लागणार?

निकाल लावायचा तर अशा ठिकाणी जायला हवं, जिथल्या माणसांची गोष्ट पुस्तकातही आली आणि पडद्यावरही. माझ्यापुरतं ते ठिकाण आहे मलकापूर.

चलो मलकापूर

कुठलं मलकापूर? कऱ्हाडजवळचं नाही, कोल्हापूर जिल्ह्यातलंही नाही. हे बुलडाणा जिल्ह्यातलं. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भुसावळ सोडलं की थोड्या वेळानं येतं. मुंबईपासून साधारण पाचशे किलोमीटर. काळी जमीन, कापूस, जिनिंग आणि मे महिन्यात डोकं भाजून काढणारं ऊन. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बुलडाणा वर डोंगरावर, मलकापूर खाली. त्यामुळे इथल्या बोलण्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन वेगळे देशच असतात. माझं आजोळ घाटाखालचं.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तक-पिक्चरच्या भांडणात हिचं आजोळ कुठून आलं? सांगते.

बुलडाणा जिल्ह्यातलेच लेखक सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२मध्ये आली. २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. एम. ए., बी. एड. झालेला एकनाथ तनपुरे हा तिचा नायक. शिक्षकाची नोकरी हवी तर संस्थेला पैसे मोजायला हवेत, आणि पैसे यायचे ते शेतीतून. शेतीतून काय येतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. घरात शेतीनं थकवलेले आईवडील, हाताला काम नसलेला धाकटा भाऊ आणि शिकलेली, नवऱ्याला नोकरी लागेल या आशेवर या घरात आलेली बायको अलका. हे घर बारा महिने, म्हणजे बारोमास, कसं जगतं त्याची ही गोष्ट.

दहा वर्षांनी, २०१२मध्ये, दिग्दर्शक धीरज मेश्राम यांनी याच कादंबरीवरून ‘बारोमास’ याच नावाचा हिंदी सिनेमा केला. सीमा बिस्वास यांच्यासारखी तगडी अभिनेत्री त्यात आहे.

म्हणजे बघा, जिल्हा एक, गोष्ट एक. एकदा पानांवर, एकदा पडद्यावर. शिवाय ज्यांची गोष्ट, तेच वाचक आणि तेच प्रेक्षक. वाद मिटवायला याहून चांगली केस कुठे मिळणार?

मामेभावाचा महिना

माझा मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शिक्षण एम. ए., बी. एड. (हो, एकनाथसारखंच.) घरची पाच एकर कोरडवाहू. सकाळी शेतात, संध्याकाळी नववी-दहावीच्या पोरांच्या शिकवण्या. शिक्षक भरतीचं नाव निघालं की तो पाणी प्यायला उठतो. पुस्तकांशी त्याचं नातं परीक्षेपुरतंच राहिलं. पिक्चरचा मात्र किडा. साऊथचे डब केलेले तर डायलॉगसकट पाठ.

‘बारोमास’ सिनेमा त्यानं पाहिला होता. “कसा वाटला?” असं मी विचारलं, तर म्हणाला, “चांगला आहे. वाईट वाटलं.” बस. दोन वाक्यांत रिव्ह्यू खल्लास.

दिवाळीत गेले, तेव्हा मी त्याच्या हातात कादंबरी ठेवली. कापसाची वेचणी जोरात होती.

“ताई, येवढं जाड पुस्तक मी कव्हा वाचू? अन् वाचू कायले? पिक्चर तं पाह्यला ना!”

“रोज दहा पानं वाच. नाही आवडलं तर परत दे.”

रोज दहा पानं काही झाली नाहीत. वेचणाऱ्या बायांचा हिशेब लांबला की दोनच पानं व्हायची. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात चार. एखादा दिवस कोराच. पुस्तक संपायला त्याला चांगला महिना लागला. पण त्या महिन्यात दर दोन-चार दिवसांनी मला फोन यायला लागला.

पहिल्या आठवड्यात : “ताई, हे तं आपल्याच घरचं लिवलं आहे वं!”

दुसऱ्या आठवड्यात : “पिक्चर पाह्यला तव्हा मले त्या अलकाचा राग आला व्हता. आता वाटते, तिचं तरी काय चुकलं?”

तिसऱ्या आठवड्यात फोन नाही. कापसाचा भाव उतरला होता आणि घरी कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. मामा व्यापाऱ्याकडे खेपा मारत होता. “थांबू का विकू?” या एका प्रश्नावर घर अडलं होतं. पुस्तकातलं घर आणि हे घर यांच्यात त्या आठवड्यात फारसं अंतर उरलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटी पुस्तक संपलं. रात्री साडेदहाला फोन.

“ताई, पिक्चर पाहून वाईट वाटलं व्हतं. पुस्तक वाचून राग आला.”

“कुणाचा?”

“तेच तं समजून नाही रायलं. म्हणून तं जास्त येऊन रायला!”

या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करत होते. वाईट वाटणं सोपं असतं. अंधारात बसून डोळे पुसायचे, दिवे लागले की बाहेर येऊन वडापाव खायचा. राग यायला मात्र गोष्ट पूर्ण कळावी लागते. कोण कुणाचं देणं लागतं, कुणी कुणाला कधी नकार दिला, कुठला निर्णय कुठल्या हंगामात घेतला आणि तो पुढच्या हंगामात कसा अंगावर आला, हे सगळं डोक्यात मांडावं लागतं. त्याला वेळ लागतो. आणि गोम नेमकी इथंच आहे.

दहा तास व्हर्सेस दोन तास

जरा गणित मांडू. कादंबरी समजा तीनशे पानांची. पानाला दोन मिनिटं धरली तरी दहा तास झाले. सिनेमा असतो दोन-सव्वादोन तासांचा. पटकथा लिहिणारी मंडळी एक ढोबळ अंदाज वापरतात : पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला पानं मिळणार एकशे वीस, तीही ऐसपैस जागा सोडून लिहिलेली. तीनशे पानं त्यात कोंबायची तर कात्री लावावीच लागते. दोन काकांचा एक काका होतो. शेजारीण गायब होते. चार महिने एका गाण्यात उरकतात. “वाट लावली,” असं आपण म्हणतो, पण बिचाऱ्या दिग्दर्शकाचा दर वेळी दोष नसतो. डबाच लहान आहे!

म्हणूनच गंमत बघा, ज्या सिनेमांना “पुस्तकाइतकाच भारी” असं सर्टिफिकेट मिळतं, त्यांतले पुष्कळसे कादंबरीवरचे नसतातच. ‘तीसरी कसम’ (१९६६) फणीश्वरनाथ रेणूंच्या एका कथेवरचा. ‘रजनीगंधा’ (१९७४) मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. ज्याच्या नावानं निम्मी पब्लिक शपथ घेते, तो ‘द शॉशँक रिडम्प्शन’ (१९९४) स्टीफन किंगच्या एका लघुकादंबरीवरचा. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या छोट्या कथेचा सिनेमा करताना (१९७७) सत्यजित राय यांना उलट भर घालायला जागा मिळाली. अवध गिळंकृत करणाऱ्या इंग्रजांचं राजकारण त्यांनी त्यात सविस्तर आणलं. कथा दोन तासांत आरामात बसते, कादंबरी बसता बसत नाही.

‘बारोमास’सारख्या गोष्टीत तर आणखी एक पंचाईत आहे. सिनेमाला काहीतरी घडावं लागतं. आणि शेतकऱ्याच्या घरातली सगळ्यात मोठी घटना म्हणजे काही न घडणं! पाऊस न येणं. भाव न वाढणं. इंटरव्ह्यूचा कॉल न येणं. पडद्यावर दोन मिनिटं कोरडं आभाळ दाखवलं की आपण मोबाइल काढतो. पुस्तकात ते आभाळ पानामागून पान पुरतं, आणि आपण रोज रात्री थोडं थोडं वाचतो, तेव्हा मधल्या दिवसांतही ते आपल्या डोक्यावर असतं. मामेभावानं ती कादंबरी महिनाभर वाचली, म्हणजे एकनाथसोबत तो महिनाभर राहिला. सिनेमात तो त्याला भेटून आला, इतकंच.

मले, तुले आणि मला, तुला

दुसरा मुद्दा भाषेचा. सिनेमा हिंदीत झाला, हे एका अर्थी बरंच झालं. गोष्ट महाराष्ट्राबाहेर पोचायची तर हिंदीइतकी सोयीची गाडी दुसरी नाही. पण त्या गाडीत वऱ्हाडीला सीट मिळत नाही.

मामेभाऊ शाळेत असताना “मले नाही, मला म्हण” हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. पुण्यात परीक्षेला आला, तेव्हा तो सबंध दिवस मोजून-मापून बोलत होता, हे मी पाहिलंय. आपल्या मराठी सिनेमा-नाटकांत आणि सीरियल्समध्ये तरी काय होतं? वऱ्हाडी बोलणारा दिसला की ओळखायचं, हा कॉमेडीला ठेवलाय. नायक शुद्ध बोलणार, नोकर वऱ्हाडी. मग आपली बोली तोंडातून निघाली की समोरचा हसणार, हे पोरं लहानपणीच शिकून घेतात.

आणि इथं एक जाडजूड कादंबरी, वर साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि आत माणसं बोलतायत ती त्याच्या आजूबाजूला बोलतात तशी! त्यानं काही पानं घरात मोठ्यानं वाचून दाखवली. स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, “अगं बाई, हे तं आपल्यासारखंच बोलते!” त्यावर कुणी हसलं नाही. ती हसण्याची जागाच नव्हती. हा फरक वाटतो लहान, पण ज्याच्या बोलण्याला आयुष्यभर हसलं गेलंय, त्याला विचारा.

एक आणखी सांगते. सिनेमा आधी पाहिला की नायकाच्या जागी नट येऊन बसतो आणि मग पुस्तकात दुसरं कुणी दिसतच नाही, अशी आपली सगळ्यांची तक्रार असते. मी त्यालाही विचारलं, “वाचताना तो पिक्चरमधला हीरोच दिसत होता ना?” तो म्हणाला, “पयल्या दिवशी दिसला. मंग कुठी गेला काय मालूम. मंग मीच दिसून रायलो व्हतो.”

थांबा, पिक्चरवाल्यांचीही बाजू आहे!

एवढं वाचून पुस्तकवाले कॉलर ताठ करत असतील, तर जरा थांबा. त्याच घरात माझी आजीही आहे. तिला वाचता येत नाही.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. त्याआधी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. मलकापूरहून भुसावळ ओलांडून थोडं पुढे गेलं की अमळनेर. पुस्तकाची रचना रात्रींची. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. एक रात्र, एक प्रकरण. रोज थोडं थोडं वाचायचं पुस्तक कसं असावं, त्याचा हा उत्तम नमुना. १९५३मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं.

आता हा आकडा बघा. १९५१च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण होतं १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सिनेमा आला तेव्हा दर पाचांतल्या चार जणांना ते पुस्तक हातात दिलं असतं, तरी उपयोग शून्य! पुस्तक मोठं की सिनेमा, हा वाद घालायची ऐपत असलेले लोक मूठभर होते. बाकीच्यांसाठी सिनेमा हाच पुस्तक होता.

माझ्या आजीनं तो टीव्हीवर पाहिलाय, एकदा नाही, चारदा. मी तिला विचारलं, “आजी, पुस्तकात अजून पुष्कळ गोष्टी आहेत. वाचून दाखवू?” तर म्हणाली, “वाच नं. पण मले ठाव आहे सारं. म्या श्यामच्या मायले पाह्यलं हाये.” ‘पाह्यलं हाये’ म्हणजे भेटून आल्यासारखंच. या माणसाला तुम्ही कुठल्या तोंडानं सांगणार, की ओरिजिनल वाचल्याशिवाय मजा नाही?

काही गोष्टी तर पडद्यावरच फुलतात. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीत तमाशा आहेच, पण २०१०च्या सिनेमात अजय-अतुलची ढोलकी कडाडली आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या, त्याला पानावर पर्याय नाही. गुणा कागलकरचं पैलवानी शरीर नाच्याच्या देहात बदलताना अतुल कुलकर्णीच्या अंगावर दिसतं, तेव्हा शंभर शब्दांचं काम एका शॉटमध्ये होतं.

आणि ‘सिंहासन’! अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७९. दोन कादंबऱ्यांचा एक सिनेमा म्हणजे कात्री किती चालली असेल विचार करा. तरीही शेवटी पत्रकार दिगू टिपणीस झालेले निळू फुले जे वेड्यासारखे हसत सुटतात, ते एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही. प्रत्येक सत्तापालटाला महाराष्ट्राला दिगू आठवतो, त्यात त्या हसण्याचा वाटा मोठा आहे.

शिवाय सिनेमा आपण मिळून पाहतो. थिएटरमधला तो सामुदायिक सन्नाटा किंवा एकदम फुटलेलं हसू, हे पुस्तकात नाही. पुस्तक शेवटी एकट्याचं काम.

मग जिंकलं कोण?

माझा निकाल सांगते. पटला तर घ्या, नाहीतर लंच टाइम आहेच!

जी गोष्ट क्षणात घडते, ती सिनेमानं सांगावी. चेहरा, हसणं, ढोलकी, एका नजरेत तुटलेलं नातं. तिथं पुस्तक पानंच्या पानं खर्च करतं आणि कॅमेरा दोन सेकंदांत बाजी मारतो. पण जी गोष्ट घडायला दिवस, महिने, वर्षं लागतात, ती वाचावी. वयात येणं, कर्ज फिटत नसणं, नोकरीची वाट पाहणं, लग्न हळूहळू मोडत जाणं. वाट पाहण्याची गोष्ट दोन तासांत ऐकली तर वाट पाहणं कळत नाही, फक्त त्याचा शेवट कळतो.

आपला खरा लोच्या वेगळाच आहे. आपण हल्ली सिनेमासुद्धा दीडपट स्पीडनं बघतो. गाणी स्किप, ‘स्लो’ भाग स्किप, मध्येच चार रील्स. म्हणजे सिनेमाचे दोन तासही आपल्याला जास्त व्हायला लागलेत! अशा वेळी “पुस्तक भारी की पिक्चर?” हा प्रश्न म्हणजे जेवायला वेळ नसलेल्यानं पोळी चांगली की भात, यावर वाद घालण्यासारखं आहे. थिएटरमध्ये निदान दिवे मालवतात आणि शेजारचा ‘शू’ करतो. पुस्तकाला ती सोय नाही. तिथं दिवा आपणच लावायचा आणि फोनही आपणच दूर ठेवायचा.

त्यामुळे माझं म्हणणं इतकंच : पिक्चर पाहिलाय म्हणून पुस्तकाच्या नावापुढे बरोबरची खूण करून टाकू नका. “स्टोरी माहितीये” हे वाक्य सगळ्यात फसवं. मामेभावालाही स्टोरी माहीतच होती. तरी त्या महिन्यात त्याला अलकाची बाजू कळली, स्वतःची बोली छापलेली दिसली आणि कुणावर तरी रागवायला हवं, हे पहिल्यांदा जाणवलं. नोकरी लागली का? नाही. कापसाला भाव मिळाला का? जेमतेम. पण शिक्षक भरतीचा विषय निघाला की तो आता पाणी प्यायला उठत नाही. बसतो आणि बोलतो. आपलं बोलणं आपल्याच भाषेत, न अडखळता. माझं पुस्तक अजून परत आलेलं नाही. चौकशी केली, तर कळलं, त्याच्या तिसऱ्या मित्राकडे आहे. तोही बी. एड.!

वीकएण्डच्या जोड्या

पाहून झालं असेल तर वाचा, वाचून झालं असेल तर पाहा.

बनगरवाडी : व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची कादंबरी. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर. आटोपशीर पुस्तक, शनिवार-रविवारात आरामात होतं. “मला वाचायची सवयच नाही,” म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा.

शाळा : मिलिंद बोकिलांची कादंबरी २००४ची, सुजय डहाकेचा सिनेमा २०१२चा. आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं. सिनेमा गोड आहेच, पण जोशीच्या डोक्यात चाललेली बडबड पुस्तकातच पूर्ण ऐकू येते.

सिंहासन : इथं आधी सिनेमा बघा, माझी हरकत नाही. मग ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ ओळीनं वाचा. पडद्यावर न मावलेली मुंबई तिथं भेटेल.

श्यामची आई : १९५३चा अत्र्यांचा सिनेमा आणि २०२३चा सुजय डहाकेचा, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट. पुस्तक मात्र एका बैठकीत संपवू नका. रोज एक रात्र. घरात वाचता न येणारं कुणी असेल, तर मोठ्यानं वाचा.

बारोमास : घाई असेल तेव्हा वाचूच नका. महिना काढा.

पुस्तकं महाग झालीयेत, ही तक्रार मान्य. पण महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं राज्यात हजारोंनी आहेत. तुमच्या घरापासून ऑफिसच्या वाटेवर एखादं नक्की असेल. वर्षभराची वर्गणी मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नच्या हिशेबात बसते. या शनिवारी विचारून तर बघा!